फक्त पंचवीस मिनिटं

“भावजी, बाजारातल्या गर्दीतून रिक्षानं बावीस मिनिटं लागली,” एवढंच शैलावहिनी फोनवर म्हणाल्या. मला काही कळेना. मग म्हणाल्या, “हे गेले.” अंबरनाथला आर्किटेक्टच्या ऑफिसात मी कुठल्याशा इमारतीच्या पार्किंगच्या रेघा मारत होतो, त्या तशाच राहिल्या. दिगंबर पेंटर, उल्हासनगरच्या कॅम्प पाच या वस्तीतला माझा लहानपणापासूनचा मित्र, छातीत कळ आली म्हणून बदलापूर स्टेशनजवळच्या दवाखान्याकडे निघाला आणि रिक्षातच संपला. “थोडं आधी आणायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले म्हणे. थोडं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. या घटनेला आता दीड महिना झाला.

दिगू पाट्या रंगवायचा. फ्लेक्स यायच्या आधी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जिथं म्हणून घरं विकायला काढलेली असत, तिथं पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘दिगू, कॅम्प ५’ दिसायचंच. जीन्सवाल्यांसाठी, पापडवाल्यांसाठीही त्यानं अक्षरं काढली, पण त्याची चूल पेटती ठेवली ती एका ओळीनं : ‘स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं’. ‘फक्त’ लाल आणि पुढं ऐसपैस जागा सोडून भलाथोरला पिवळा पाच. मी चिडवायचो, “दिग्या, बिल्डरच्या मनगटावरचं घड्याळ तूच लावून देतोस का रे?” तो ब्रश पुसत म्हणायचा, “आपल्याला काय, सांगतील ते लिहायचं. पोस्टमन काय पत्र वाचतो?”

पण हा पोस्टमन एक दिवस आपल्याच पत्राला भुलला. बदलापुरात बेलवलीच्या पुढं एक इमारत उठत होती, तिची पाटी रंगवता रंगवता त्यानं तिथंच घर घ्यायचं मनात घेतलं. वहिनी तयार नव्हत्या. त्यांची बालवाडीची नोकरी कॅम्पात, दारात नळ, खाली भाजी, चार हाका मारायला माणसं... तेव्हा दिगू माझ्याकडं आला. मी विकास आराखडा उघडला. त्या प्लॉटपासून थेट स्टेशनपर्यंत दोन तुटक रेघा गेल्या होत्या. “हा डीपी रोड. झाला की पाच मिनिटं खरी,” मी म्हणालो. नकाशावर ठेवलेलं ते बोट माझं होतं. त्यानं घरी जाऊन सांगितलं, “शैला, पाच मिनिटं गं. तुझा चहा निवायच्या आत स्टेशन.” त्या शब्दावर ती बाई आली.

रस्ता झाला नाही. कसा होईल? तिथल्या जमिनीचा भाव चढला. आराखड्यात फेरबदल झाला, रस्ता नाल्याच्या कडेला सरकवला, आणि तिथं तो आजही कागदावरच आहे. आराखडा शहर घडवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. साफ खोटं. भाव शहर घडवतो, आराखडा मागून येऊन सही करतो. मधल्या जागेत टॉवर आला. त्याची ड्रॉइंगं माझ्याच टेबलावर आली होती. त्या दोन तुटक रेघा मी कॉम्प्युटरवर पुसल्या, एक बटण दाबून. आणि टॉवरची पाटी कुणी रंगवली? दिगूनं. ‘फक्त ५ मिनिटं’. टॉवरपुरतं ते खरंही होतं, कारण त्याचं गेट स्टेशनकडं होतं. दिगूच्या बाजूला आली ती भिंत. भिंतीपलीकडं पोहण्याचा तलाव, त्यापलीकडं दवाखाना. दिगूच्या खिडकीतून दवाखान्याची पाटी वाचता येते...

मग तो घड्याळ लावून चालला. वळसा घालून, बाजारातून, पंचवीस मिनिटं. तेवढ्यात त्याच्याच बिल्डरनं शेजारी दुसरी इमारत काढली, पाटीवर पुन्हा पाच. दिगू आकडा बदला म्हणून सांगायला गेला, तर “रोड प्लान में था ना, पेंटर?” म्हणून त्याला वाटेला लावलं. रविवारी भर दुपारी दिगू शिडी घेऊन गेला. शिडीवरच्या पेंटरला कुणी काही विचारत नाही. ‘फक्त’च्या पुढं सोडलेल्या जागेत त्यानं पिवळा दोन काढला, पाचाच्या मापाचा. ‘स्टेशनपासून फक्त २५ मिनिटं’. सोमवारी बिल्डर पाटीखाली उभा राहिला. दिगू बाह्या सरसावून तयार होता. बिल्डर म्हणाला, “फक्त है ना आगे? फिर चलेगा.” आणि गेला. घरं सगळी विकली गेली. भाव एक रुपयानंही उतरला नाही.

त्यानंतर दिगूनं बिल्डरांच्या पाट्या सोडल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. सोडल्या नाहीत. पोट होतं. फ्लेक्स आले तेव्हा त्या आपोआप सुटल्या. मीही नोकरी सोडली नाही, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलू? वहिनींनी त्याला कधी बोल लावला नाही. “एकदा कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं रे,” तो मला म्हणाला होता. भांडणाऐवजी त्यानं एकच केलं. घराच्या दाराला आतून, डोळ्यांच्या उंचीवर, काळ्या ऑईल पेंटनं लिहिलं : ‘स्टेशन – २५ मिनिटं’. दिगूच्या हातचं सगळ्यात सुंदर अक्षर तेच. तिथं ‘फक्त’ नाही. वहिनी रोज ते वाचून चपला घालायच्या.

आता त्या बहिणीकडं कॅम्पात परत चालल्यात. घर विकायचंय. एजंट आला, फोटो काढता काढता म्हणाला, “मॅडम, ये डोअरवाला पुसून घ्या ना, कस्टमरला बरं नाय दिसत.” वहिनी म्हणाल्या, “दाराला हात लावायचा नाही. ज्याला घ्यायचं त्यानं वाचून घ्यावं.” मला बरं वाटलं. निदान एका तरी माणसाला आधी खरं कळेल, त्याचं मन फिरेल...

गेल्या रविवारी मी तिथं असताना एक नवं जोडपं घर बघायला आलं. निघताना मुलगी दारापाशी थांबली. तिनं ती ओळ नीट वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, “पंचवीसच ना? चालेल.”

वहिनी कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, “चालेल नाही गं, पोरी. चालावं लागेल.”