आडनावाशिवाय भांडण नाही

मालीतल्या बामाकोत सितान जाराला कुणाशी भांडायचं असलं, की ती आधी आडनाव विचारते. ते कळल्याशिवाय शिवी कुठल्या मापाची द्यायची, हे ठरणार कसं?

फ्रेंच संस्थेच्या भिंतीला पाठ लावून ती चवळीची भजी तळते. तिच्याआधी तिची आई तळायची. फाटकावरचा रखवालदार झुमाना त्राओरे रोज पहिला घाणा चापतो आणि भरल्या तोंडाने म्हणतो, "चवळीखाऊ जारा."

"गिळ रे गुलामा," सितान म्हणते.

जारा आणि त्राओरे या आडनावांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. काहीही बोला, राग मानायचा नाही. एकमेकांच्या पोटावर मात्र पाय द्यायचा नाही.

यंदा संस्थेवर पॅरिसहून नवे साहेब आले. चुलीच्या धुराने त्यांचा घसा धरला. एका सकाळी ते स्वतःच बाहेर आले.

"बाई, शुक्रवारपर्यंत ही चूल हलवा."

सितानचा हात कढईवरच थांबला. इथून उठलं की आईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक गेलं, आणि घरातली चूलही गेली.

"साहेब, आडनाव काय तुमचं?"

"लफेव्र."

"या आडनावाशी तर भांडताही येत नाही. तुम्हा फ्रेंचांचं नि आमचं इतकी वर्षं जमत नाही, ते उगाच नाही. आजपासून तुम्ही त्राओरे."

साहेबांना गहिवरून आलं. पाहुण्याला इथे आडनाव देतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. छातीवर हात ठेवून त्यांनी ते स्वीकारलं, वर झुमानाकडून फोटोही काढून घेतला.

"छान झालं," सितान म्हणाली. "आता बस त्या पाटावर, गुलामा."

फाटकाशी उभे असलेले ड्रायव्हर पोट धरून हसले.

"झुमाना, ही काय म्हणतेय?"

"बरोबरच म्हणतेय, भाऊ. त्राओरेने जाराची चूल हलवली तर मेलेले वाडवडील उठून बसतील." मग सितानकडे वळून तो कुजबुजला, "आमच्या खानदानात कुणालाही घुसवतेस होय गं?"

"तुमचं खानदान आधी तरी कुठे धड होतं?"

शुक्रवार आला नि गेला. चूल तिथेच. साहेब खोकत खोकत येतात, पाटावर बसतात, भजी खातात. परवा त्यांनी विचारलंच, "या गुलामीतून माझी सुटका कधी?"

सितानने घाणा उलटला. "हा समोरचा रस्ता इथे तुमचं राज्य असताना माझ्या आजोबांनी खणला. फुकट. सुटका मागितली की तुमचे लोक म्हणायचे, अजून तुमची तयारी झाली नाही."

तिने साहेबांना नीट न्याहाळलं.

"तुझीही नाही झाली. हं, भजं धर."