पाणी उकळायचं, झाकायचं की ओवाळायचं?

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या नळाला पाणी आलं आणि त्याला गटाराचा वास होता. सगळं तिथून सुरू झालं. तेव्हापासून मलकपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्वच्छतेचे इतके किस्से साठले आहेत की दुपारी जिन्यात बायका बसल्या की आधी कुठला सांगायचा यावरूनच वाद होतो. सांगायला मला लावतात, कारण निम्म्या किश्श्यांत गोंधळ माझाच असतो.

आधी माणसं सांगते. मी देगलूरकडची, सातवी शिकलेली, लग्न होऊन या तेलुगू शहरात आलेली. नवरा नारायणगुड्याला कापडाच्या दुकानात आहे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. खालच्या मजल्यावर शमीम आपा. सरकारी दवाखान्यातून येते ती सिस्टर. तिचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. आणि माझी मनू, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. त्या वासाच्या पाण्यानं तिला जुलाब लागले आणि सलाइन लावावं लागलं. एवढासा हात, त्याला फळीची पट्टी बांधलेली. ते परत बघायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात असतं. पुढचं सगळं त्या भीतीपायी झालेलं आहे.

*

डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. घरी आलो तर सिस्टर क्लोरिनच्या गोळ्या देऊन गेली. शमीम आपांचा जावई म्हणाला, फिल्टरशिवाय काही खरं नाही, म्हणून नवऱ्यानं छोटा फिल्टर आणला. आता कुणाचं ऐकावं? मी म्हटलं, आपण कशाला कुणाला खोटं पाडा. पाणी उकळलं, गार केलं, त्यात गोळी टाकली, फिल्टरमधून गाळलं आणि मनात शंका नको म्हणून पुन्हा उकळलं. मनूनं एक चमचा तोंडात घेतला आणि माझ्याच अंगावर उडवला. नवऱ्यानं एक घोट घेऊन विचारलं, "हे प्यायचंय का यात पोहायचंय?"

सिस्टरला सांगितलं तर तिला हसू आवरेना. म्हणाली, "एकच करा अम्मा, पण रोज करा."

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, एक म्हणजे कुठलं, ते विचारायचं राहिलंच.

*

मग शुक्रवार आला. आमच्या गल्लीत दर शुक्रवारी गाडी फिरते, भोंग्यावर सांगते की साठलेलं पाणी ओता, भांडी घासून कोरडी करा, डास होतात. भोंगा तेलुगूत. पत्रकही तेलुगूत. मला त्यातली चित्रं तेवढी कळतात. चित्रात एक ड्रम, एक बादली, एक कूलर आणि सगळ्यांवर लाल फुली. बाजूला अंगावर पुरळ आलेलं एक मूल झोपलेलं. ते मूल बघितलं आणि मी पदर खोचला.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. नेमकं त्याच पहाटे आलेलं होतं. ड्रम, दोन बादल्या, कळशी, सगळं काठोकाठ भरलेलं मी मोरीत ओतलं. घासलं. उन्हात पालथं घातलं. एवढं लखलखीत घर आत्यांनी कधी पाहिलं नसेल. फक्त चहाला पाणी नव्हतं.

खाली कळशी घेऊन गेले तर शमीम आपा कपाळाला हात लावून बसल्या. "पुराना पानी फेंकने बोले थे. ताजा कायकू फेंके मा?"

नवऱ्यानं त्या संध्याकाळी सोड्याच्या बाटलीनं तोंड धुतलं. अजून दुकानात सांगत असतो.

*

नवरात्रात फवारणीवाले घर तपासायला आले. बरोबर सिस्टर होती. त्यातला एक जण बॅटरी घेऊन सगळीकडे वाकून बघत होता. मनी प्लँटची बाटली ओतली, फ्रिजच्या मागचा ट्रे काढायला लावला. त्या ट्रेमध्ये पाणी साठतं हेच मला ठाऊक नव्हतं, आणि त्यात खरंच अळ्या वळवळत होत्या! मनू त्याच फ्रिजला धरून उभी राहायला शिकत होती. मी तिला उचललं ते खाली ठेवलंच नाही.

शेवटी बॅटरी देवघरावर गेली. तिथे घट बसलेला. तांब्याचा कलश, त्यात पाणी, कडेनं विड्याची पानं, वर नारळ. तो माणूस म्हणाला, हे पाणी बदलावं लागेल. आत्या देवघरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. घट उठेपर्यंत हलवायचा नाही, मग कुणी का येईना. त्यांना तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण दोघांनाही सगळं समजलेलं दिसत होतं.

मधे मी. एकीकडे देवी, दुसरीकडे अळ्या.

सिस्टरनं पुढे होऊन नारळाला जरासा हात लावला, घट्ट बसलाय का बघितलं आणि त्याला सांगितलं, "यावर झाकण आहे. चल पुढे."

शमीम आपा दारातच होत्या. म्हणाल्या, मग माझ्याही ड्रमवर एक नारळ ठेवून जा.

पानांच्या फटीतून डास आत जातो की नाही, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. घट उठेपर्यंत मी रोज फटीला डोळा लावत होते. आत्यांना वाटलं, सूनबाईची भक्ती वाढली.

*

शहरातल्याच हिमायतनगरहून नवऱ्याची चुलत वहिनी मनूला बघायला आली. पुण्याची आहे, कंपनीत आहे, बोलणं एकदम गोड. मी दारातच साबण पुढे केला. सिस्टरनं सांगितलंय, साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला कुणी शिवायचं नाही. वहिनी म्हणाली, "अगं, माझ्याकडे सॅनिटायझर आहे ना," आणि पर्समधून बाटली काढली. मी म्हटलं, साबणच. ती म्हणाली, दोन्ही सारखंच. मी म्हटलं, सिस्टर म्हणते हाताला मळ असला तर साबणच. वहिनीनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. तिला ते लागलं असावं.

आमचं हे चाललेलं असताना मागून आत्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत लेकरानं चप्पल चाटून संपवली."

*

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. मनूला पुन्हा जुलाब लागले. दुपारची वेळ, नवरा दुकानात. माझ्या डोळ्यांपुढे तो पट्टी बांधलेला हात.

सिस्टरनं आधीच दोन पाकिटं देऊन ठेवली होती, ओआरएसची. अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्यानं पाजायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. पोर पिईनाशी झाली, डोळे खोल गेले की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे मात्र मला पाठ होतं. मी पाणी कालवलं. आत्यांनी विचारलं, काय आहे त्यात? मी घाईत सांगितलं, मीठ-साखर. आणि मनूची दुपटी धुवायला गच्चीवर गेले.

परत आले तर पातेलं रिकामं. मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

"आत्या, सगळं प्यायली?"

"पिते कशाला? मिठाचं पाणी. तीनदा ओवाळलं आन् मोरीत टाकलं. लई दृष्ट होती बघ."

मी दुसरं पाकीट फोडलं आणि या वेळी पातेलं मांडीतच धरलं. एक चमचा, थोडं थांबायचं, परत एक चमचा. दिवेलागणीला मनूनं शू करून दुपटं ओलं केलं आणि आत्यांचा डोळा चुकवून मी त्या ओल्या दुपट्याला नमस्कार केला.

सिस्टर बघायला आली, म्हणाली, छान, पाणी टिकलं. आत्या म्हणाल्या, दृष्ट उतरली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोघींनाही हो म्हटलं. मला काय माहीत!

*

परवा शमीम आपांच्या नातवाला जुलाब लागले. आपा धावत वर आल्या. सिस्टरनं मागून दिलेलं पाकीट मी शोधायला लागले तर आत्यांनी देवघरातून काढलं, देवीच्या तसबिरीमागून. न सांगता साबणानं हात धुतले. उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजलं, पाकीट अख्खं ओतलं, वाटीत काढलं आणि आपांच्या घरी जाऊन त्या पोरावरून तीनदा ओवाळलं.

मी पटकन तिथल्या मोरीच्या दारात जाऊन आडवी उभी राहिले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "सरक तिथून. चमचा दे."

पोरगं संध्याकाळी बिस्किट मागत होतं.

काल सिस्टरनं सगळ्या बायकांना जिन्यात जमवलं आणि विचारलं, ओआरएस कसं द्यायचं, कोण दाखवतं? शमीम आपा उठल्या. साबणानं हात धुतले. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घेतलं. अख्खं पाकीट. ढवळलं. वाटीत काढलं. नातवाला समोर बसवून वाटी त्याच्यावरून तीनदा फिरवली, आणि मग पहिला चमचा त्याच्या तोंडात घातला.

आत्या मान डोलवत होत्या. मी सिस्टरकडे बघत होते, म्हटलं आता तरी एकदाचं कळेल, ओवाळायचं की नाही.

सिस्टरनं वाटीतलं पाणी आणि रिकामं पाकीट बघितलं. मग बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे. बाजूच्या बिल्डिंगमध्येही असंच सांगा."