माह्या गावचे लय हुशार म्हातारे

ऐंशीच्या सालातली गोष्ट. नागपूरहून एक डॉक्टरीन मॅडम तीन शिकाऊ घेऊन अहेरीकडच्या आमच्या गावात आल्या. एक पोट्टा डॉक्टरकीचा, एक पोट्टी मनाचा अभ्यास करनारी, तिसरा घरादाराची हालत लिवनारा. म्हाताऱ्या मानसाईले विसर काऊन पडते, हे तिघाईनं मिळून कसं शोधायचं, ते मॅडम शिकवून राह्यल्या होत्या. आमचे म्हातारे गोंडीच बोलत. म्या शाळेची पायरी चढली नाई, पन बडबड दोन्ही भाषेत येते, म्हनून दुभाष्या मी.

माहा मतलब येगळाच होता. माही माय घरून निंगाली का वापसीचा रस्ता भुले. मॅडमनं तिले तपासावं, दवा द्यावी, एवढंच मले पाहिजे होतं.

पयल्या दिवशी पोरीनं एका आजाले इचारलं, "आज वार कोणता?"

आजा गोंडीत बोल्ला, "मले भूक लागली."

आता पाहुन्याईसमोर गावच्या म्हाताऱ्याची फजिती कशी होऊ द्याची? म्या म्हटलं, "मंगळवार म्हनतेत."

मंगळवार होता का, ते मलेई मालूम नोतं. नशिबानं निंगाला.

मंग सवयच लागली. दोन दिवसात एकएक म्हातारा असा हुशार झाला का मॅडम म्हने, "बघा रे, इतकी शाबूत आठवण मी शहरात पाहिली नाही." मी छाती फुगवून उभा.

तिसऱ्या दिवशी मायचा नंबर. "आजी, तुम्हाला मुलं किती?"

माय बोल्ली, "पोरं कुठचे? माहं लगन व्हाचं हाय अजून."

अन् माह्या तोंडून सवयीनं निंगालं, "एक. हा समोरचा."

मॅडमनं वही मिटली. "आजी ठणठणीत आहेत. चला."

जीप चालू झाली तवा माही अक्कल चालू झाली. पयत जाऊन आडवा उभा राह्यलो. "थांबा जी! म्या खोटं सांगतलं. मायचंच नाई, साऱ्या गावाचं."

डॉक्टरकीच्या पोट्ट्यानं कपाळावर हात मारला. "तीन दिवसांच्या वह्या गेल्या!"

"चूक आपली," मॅडम त्याले म्हने. "सारं एकाच तोंडून ऐकलं, पडताळलं नाही. हे तुम्हाला पुस्तकानं नाही, यांनी शिकवलं."

असा मी अंगठाछाप कॉलेजचा मास्तर झालो.

मंग शेजारच्या बाईले दुभाषी बसवलं, मले आंगनात हाकललं. पोरीनं इचारलं, "आजी, बाहेर बसलेला तो कोण?"

"कोन का मालूम. सकाळपासून घुटमळून राह्यला."

शेजारनीनं शब्दाले शब्द सांगतला.

मॅडमनं मले जवळ बसवून समजावलं. अल्झायमर नावाची बिमारी वाटते, बरं करनारी दवा नाई. "एकटं सोडू नका. आणि ती म्हणेल त्यावर भांडू नका."

जीप गेली. मी मायजवळ बसलो. "लगन कवा हाय, बाई?"

"आठ दिवसानं."

"नवरा कसा हाय?"

तिनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "तुह्याहून देखना हाय."

म्या मान हालवली. माहा बाप खरंच देखना होता.