शब्दाला घरं दाखवणारी आत्या

आत्या गेल्याचं सांगायला बाबा स्वतः कॉलेजात आले. त्याआधी ते कधी फाटकाच्या आत आले नव्हते. अंगावर फॅक्टरीतले ग्रीस लागलेले कपडे, एका हातात सायकल, आणि मुलींच्या घोळक्यात मला शोधणारी नजर... मी जवळ गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई गेली. कामावर जायला निघाली, अन् ओसरीतच खाली बसली." मी सायकलवर मागे बसले. सायकल थेट गढ्यातल्या आमच्या घरापाशी थांबली. त्याला आता काही आठवडे झाले. मला असं लिहायची सवय नाही. घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे काहीही लिहायचं असलं की ते माझ्याकडेच येतं. पण हे मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. आमची आत्या कोण होती हे चार माणसांना कळावं, एवढंच मनात आहे.

आत्या बाबांची थोरली बहीण. आतोबा बाबांच्याच लष्करी सामानाच्या फॅक्टरीत होते. ते अचानक गेले तेव्हा त्यांच्या जागी आत्याला काम मिळालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तिचं काम होतं पेट्यांवर अक्षरं काढायचं. लाकडी पेटीवर अक्षरं कापलेला पत्रा धरायचा, त्यावरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, आणि पत्रा उचलला की खाली इंग्रजी अक्षरं उमटलेली दिसायची. फॅक्टरीत सगळे त्या पत्र्याला छापा म्हणत. पेटीच्या आत काय असतं हे ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. पण पेटीच्या वर काय लिहिलेलं असतं, हे मात्र तिने लवकरच विचारायला सुरुवात केली. बरोबरच्या बाया म्हणायच्या, आपल्याला काय करायचं त्याचं? आत्याला ते पटेना. "रोज माझ्या हातानं काहीतरी लिहून राहिली मी, अन् काय लिहून राहिली तेच मला ठाऊक नाही, हे कसं चालेल?" शेवटी तिने सुपरवायझरलाच गाठलं. त्याने अर्थ सांगितला, 'जपून हाताळा', आणि त्या संध्याकाळी आत्या 'हँडल विथ केअर' घेऊन घरी आली.

'घेऊन आली' असंच म्हणायला हवं. आत्याच्या लेखी नवा शब्द म्हणजे नुकती आलेली सून. नव्या सुनेला जशी आसपासची घरं दाखवून आणतात, तशी शब्दालाही घरं दाखवायची, असा तिचा नेम होता. आधी आमचं स्वयंपाकघर, मग शेजारचे मिश्राजी, आणि शेवटी बाजार, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथून फिरून आला की शब्द आपला झाला. तोवर पाहुणा. मिश्राजींना नातू झाला तेव्हा बाळाला त्याच्या आईच्या हातात परत देताना आत्या म्हणाली, "हँडल विथ केअर, बहूजी." माझा धाकटा भाऊ विन्या पालथा झोपला की त्याला उलटवत म्हणायची, "धिस साइड अप." एकदा तिने काजळीत तेल कालवून मिठाच्या डब्यावर चांगली ठसठशीत इंग्रजी अक्षरं काढली, 'कीप ड्राय'. आई वैतागली. आईला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, अर्थ आत्यानेच सांगितलेला. "ओल्या हातानं मीठ घेऊ नये, हे सांगायला आता इंग्रज लागतात काय वो ताई?" आत्या शांतपणे हात धूत म्हणाली, "इंग्रज गेले. शब्द आपल्याकडेच राहिले ना." बाबाही या सगळ्याला थट्टाच समजत. ते फॅक्टरीतले इंग्रजी शब्द फॅक्टरीतच ठेवून यायचे.

मी कॉलेजात जाऊ लागले तशी आत्याची चैन झाली. पेट्यांवरचे शब्द कधीचेच संपले होते. मी चप्पल काढते न काढते तोच ती विचारायची, "आज कोण आलं?" आणि मी त्या दिवशी ऐकलेला शब्द सांगायची. सांगायला मला काही वाटत नसे. तोच शब्द कॉलेजात उच्चारायचा म्हटलं की मात्र मी वहीत डोकं घालत असे. मी हिंदी शाळेतून आलेली, आणि इथे पुढच्या बाकांवरच्या मुली इंग्रजीत भांडतसुद्धा होत्या.

लढाईचा तो हिवाळा. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, फॅक्टरीत जादा पाळ्या. बाबा आणि आत्या दमून घरी यायचे. आत्या तर दिवसभर उभी राहून पेट्या रंगवायची, तिचे गुडघे सुजायचे. त्याच दिवसांत आमच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितलं की प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून आपल्या ओळखीच्या एका माणसाविषयी इंग्रजीत बोलायचं. जो बोलणार नाही त्याला परीक्षेला बसू देणार नाही. माझी पाळी आली. मी उभी राहिले, वर्गाकडे पाहिलं... आणि खाली बसले. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा, पण ती शेवटची संधी.

घरी येऊन मी सांगून टाकलं की मला कॉलेज सोडायचं आहे. बाबा रागावले नाहीत. खुर्चीत मान मागे टाकून ते म्हणाले, "राहू दे मग. शिवणाच्या क्लासला घालू." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याची भीती वाटते, किती सहज सगळं तिथेच संपलं असतं... आत्या गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिने मला समजावलं नाही, की बाबांशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "काल कोण आलं होतं?"

"रिलक्टंट."

"म्हणजे कसा असतो तो?"

"म्हणजे... करायचं मन नसणं. मागे-मागे सरणं."

"अच्छा. चलो, माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याला घरं दाखवून आणू. तू पण चल."

सुट्टीच्या दिवशी ती मला नेपियर टाउनमधल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली, गुडघा दाखवायला. दवाखाना भरलेला होता. आमचा नंबर आल्यावर आत्या स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माय नी इज रिलक्टंट." बाकावरचे लोक हसले. मी दाराकडे पाहू लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, गुडघा दाबून पाहिला आणि गंभीरपणे इंग्रजीतच उत्तर दिलं, "देन वी विल हॅव टू परस्वेड इट." हे काही आत्याला कळलं नाही. पण ती अडली नाही. "परस्वेड? ये क्या होता है, डॉक्टर साहब?"

"समझा-बुझाकर मनाना, माताजी."

आत्याने गुडघ्यावर थाप मारली. "सुन लिया?" पुन्हा सगळे हसले, डॉक्टरही, आणि सर्वांत मोठ्याने आत्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्या, लोक हसले."

"हसले तर हसले. मी पण हसली. हसल्यानं शब्द वापस जातो काय?" मग माझा हात धरून म्हणाली, "एक घेऊन आलो होतो, दोन घेऊन चाललो. काहून विचारायचं ते पाहिलं ना?"

मी पाहिलं होतं. परतताना ती भाजीवाल्याला म्हणाली, "भैया, थोडा परस्वेड हो जाओ," आणि त्याने काहीएक न समजता कोथिंबीर वर टाकली.

पुढच्या आठवड्यात मी वर्गापुढे आत्याविषयी बोलले. बोलले म्हणजे, अडखळत, थांबत. पेटीपर्यंत कशीबशी आले आणि छाप्यापाशी अडले. तो शब्द माझ्याजवळ नव्हताच. याआधीची मी असते तर खाली बसले असते. मी सरांकडे वळून विचारलं, "सर, अक्षरं कापलेल्या पत्र्याला इंग्रजीत काय म्हणतात?" पुढच्या बाकांवरच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्या वर्गात असं भाषण थांबवून कुणी विचारत नसे. येत नसेल तर गप्प बसायचं, अशीच रीत होती. सर म्हणाले, "स्टेन्सिल." मी तो शब्द उचलला आणि वाक्य पुरं केलं. मग पुढचं. शेवटी सर म्हणाले, मला तुमच्या आत्याला भेटायला आवडेल. त्यानंतर मागच्या बाकांवरची आणखी काही मुलंही थांबून शब्द विचारू लागली. याचा मला परीक्षेच्या निकालाहून अधिक अभिमान आहे, आणि तो अभिमान माझा नाही, आत्याचा आहे.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "आज कोण आलं?" मी म्हटलं, "स्टेन्सिल." अर्थ ऐकून ती कितीतरी वेळ हसत राहिली. "हा तर माझ्याच हातात होता वो..." बाबा आतून ऐकत होते. ते फक्त म्हणाले, "म्हणजे परीक्षेला बसते तर."

अस्थी आम्ही तिलवाऱ्याला नदीवर नेल्या. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या. बाबांना धोतर सावरायचं होतं, म्हणून त्यांनी मडकं विन्याकडे दिलं. देताना त्यांचे हात सुटेनात. मग ते अगदी हळू म्हणाले, "विन्या... हँडल विथ केअर." विन्याने मडकं छातीशी धरलं. एकेक पायरी चाचपत तो खाली उतरला.

कॉलेज पुन्हा सुरू केल्यावर काही दिवस मी घरात आले की दारातच घुटमळत असे. कुणी विचारत नव्हतं. परवा आले तेव्हा आई भाजीत मीठ घालत होती. तिने आधी पदराला हात कोरडे पुसले, मग डबा उघडला. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आज कोण आलं?"

मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला. आईने तो तोंडात दोनदा घोळवून पाहिला. मग भाजीवर झाकण ठेवलं, फळीवरची वाटी घेतली आणि मिश्राजींकडे विरजण मागायला गेली. विरजण आमच्या घरात होतं.