गुड्डू उठला का?

"नवीच्या हाती पोरगं नको देऊ वं. पडलं त हाक बी मारणार नाही ही!"

सासूबाई जाऊबाईंना सांगत होत्या. दाराआड मी तांदूळ निवडत होते. लग्नाला तीन महिने झालेले आणि माझं बोलणं "हो जी" अन् "वाढू का?" एवढंच, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही. पण न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. मागावर तुटलेले धागे खिळ्याला अडकवून ठेवतात ना, तसे. कामाचे नसतात, फेकवतही नाहीत!

आमचं घर कोशाच्या रेशमी साड्या विणणारं, मोहाडीकडचं. किस्से बहुतेक जाऊबाईंचे. त्या सिहोऱ्याच्या. विणायला हात असा चपळ, की मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा दिसू नये. पण गुड्डू झाला आणि सगळा जीव त्याच्यात अडकला. दहा महिन्यांत त्यांनी त्याला कुणाकडे पाच मिनिटंही दिलं नव्हतं. मला तो एकदा तरी कडेवर हवा होता. मागणार कोण?

*

गुड्डू झोपला की जाऊबाई त्याच्या नाकाखाली कोशाचा बारीक धागा धरत. हलला, म्हणजे श्वास चालू.

एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, धागा तर फॅननेही हलतो! लगेच फॅन बंद. भंडाऱ्याचा मे महिना. अर्ध्या मिनिटात गुड्डूने घर डोक्यावर घेतलं.

सासूबाई धावत आल्या. "काय झालं वं?"

"काही नाही आई," जाऊबाई सुखाने म्हणाल्या, "रडून राहिला. श्वास हाय!"

*

माग चालू असला की बाळाचं रडणं ऐकू येत नाही. म्हणून जाऊबाई घडीघडी माग थांबवून कान लावत. आणि माग थांबतो तिथे साडीत बारीक रेघ उमटते.

व्यापाऱ्याने साडी उलगडली. रेघाच रेघा! "हे कोणतं डिझाईन?"

सासूबाईंची पापणीही लवली नाही. "'गुड्डू उठला का' डिझाईन!"

"बढिया! अशा दोन अजून पाठवा."

त्या दोन साड्यांच्या वेळी मात्र गुड्डू ढाराढूर. जाऊबाई कुरकुरल्या, "आता मुद्दाम थांबा लागते!"

*

आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाला बघायला आल्या, तेव्हा जाऊबाईंचे प्रश्न संपेनात. शिंक दोनदाच काहून आली? डावा कान गरम काहून? आशाताईंनी सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "पोरगं मस्त हाय. तुमी झोपता का?"

जाऊबाईंनी गुड्डूचा कान चाचपणं थांबवलं. मग म्हणाल्या, "छाती धडधडते. रोजच."

"लय जणींले होते. लाजू नका. डॉक्टरबाईशी बोला. अन् धडधडलं का बसा, हळूहळू दहा श्वास मोजा."

जाऊबाई दवाखान्यात जाऊ लागल्या, रात्री थोडं झोपूही लागल्या. आणि श्वास मोजू लागल्या, मोठ्याने! इतकं, की गुड्डूचा पहिला शब्द 'आई' नव्हता. "दाऽऽ!" होता.

"पाढे शिकूनच आला का रे!" सासूबाई म्हणाल्या.

*

तरी विणताना जाऊबाई एक धागा गुड्डूच्या करदोड्याला बांधत, दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला. ओढ लागली की समजायचं, पोरगं निघालं.

त्या दिवशी ओढ लागली आणि धागा तुटला.

"गेला! माझा गुड्डू गेला!"

सासूबाई विहिरीकडे धावल्या, भासरे म्हणजे गुड्डूचे बाबा तळ्याकडे, शेजारीण रस्त्याकडे. गुड्डू माझ्या कडेवर होता. अंगणाच्या पायरीवर उतरायला निघाला होता, मी उचललं, एवढंच. मी एकेकाच्या मागे जात होते, पण कुणी वळून बघेल तर ना! विहिरीवरून परतताना सासूबाईंनी तर मला कोपराने ढकललं, "बाजूले हो! पोरगं शोधून राहिलो!"

जाऊबाई ओट्यावर बसल्या, छातीवर हात ठेवून. "सात... आठ... नऊ..."

"दाऽऽ!" माझ्या कडेवरून.

सगळे वळले. जाऊबाई आल्या. गुड्डूचं डोकं हुंगलं, पाय चाचपले. घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले.

"राहू दे तुझ्याचजवळ. नीट धरलं हाय तू."

सासूबाईंना मात्र राहवेना. "अवं, पण हाक काहून नाही मारली तू?"

गुड्डूला नीट कडेवर घेतलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "पडलं असतं त मारली असती, आई. पडलंच नाही, त कायले मारू?"