गायमुख ओलांडायचं नाही

आल्या वाटेनं परत न जाणारा माणूस साऱ्या मावळात माझ्या बघण्यात एकच, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा. आम्ही सगळे त्यांना आतोबा म्हणतो. लोणावळ्यात बाजारामागच्या आळीत त्यांचं घर, पण घर कसलं, ती एक आरपार खिंडच. आतोबा पुढच्या दारानं आत यायचे आणि बाहेर जायचं झालं की मागच्या दारानं जायचे. आता पंचाईत अशी की वहाणा राहायच्या पुढच्या दारात. मग त्या हातात घ्यायच्या, ओटी, माजघर, स्वयंपाकघर असं करत मागच्या पायरीवर नेऊन ठेवायच्या. हा त्या घरातला रोजचा तंटा. आत्या चुलीपुढून न बघताच ओरडायची, "वहाणा निघाल्या का देवदर्शनाला?" आणि आतोबा त्या पाठीमागं लपवून, जणू हातात काहीच नाही अशा चेहऱ्यानं, तिच्या मागून अलगद पलीकडं जायचे.

आतोबा रेल्वेत तारबाबू होते. मला वाटतं सगळं तिथंच बिघडलं. मी एकदा विचारलंच त्यांना, की आतोबा, आल्या वाटेनं परत गेलं तर काय होतं? तर म्हणाले, "ठमे, मी सारी नोकरी गाड्या बघितल्या. सकाळी गेलेली गाडी त्याच स्टेशनांवरून संध्याकाळी तोंड पाडून परत यायची. इंजिनाला इलाज नाही गं. मला आहे." (मला ठमी म्हणणारे जगात ते एकटेच आहेत, आणि तुम्ही म्हणायचं नाही.)

आता सांगा, गावात सगळ्याच इमारतींना दोन दारं कुठून असणार? पोस्टाला एकच दार. म्हणून आतोबा तिकिटं घ्यायचे, आणि मग सरळ आतल्या बाजूला पोस्टमास्तरांच्या बिऱ्हाडातून बाहेर पडायचे. पहिल्यांदा पोस्टमास्तरीणबाई किंचाळल्या म्हणे. पुढं पुढं त्या कढीची चव बघायला वाटी तयार ठेवायला लागल्या, आणि मीठ कमी आहे हे आतोबांनी सांगितल्याशिवाय मास्तरांना जेवायला वाढायच्या नाहीत. न्हाव्याच्या दुकानाचंही तेच. तिथं मागं भिंत, म्हणून आतोबांची हजामत कायम बाहेर कट्ट्यावर, उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत. पुण्याला जायचं तर गाडीशिवाय इलाज नव्हता. मग जाताना खिडकीत बसून डोळे फाडून बघायचे आणि येताना डोळे मिटून यायचे, म्हणजे वाट दोनदा बघितली असं व्हायला नको. एकदा असे डोळे मिटले आणि खरंच झोप लागली, ते थेट घाट उतरून कर्जतला जागे झाले. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. आतोबा दुसऱ्या दिवशी भलत्याच पायवाटेनं घाट चढून करवंदीच्या काट्यांनी धोतर फाडून घेऊन घरी आले आणि म्हणाले, "फार सुंदर झोप लागली."

हां, आणि लग्नाचं सांगायचंच राहिलं. आत्याला बघायला आले तेव्हा पोहे खाल्ले, मुलगी पसंत आहे म्हणाले, आणि उठून तडक माजघरात घुसले. माझ्या आजोबांना वाटलं, मुलगा गेला पळून. मुलगा स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात निघाला होता, आणि तिथं आत्या चांगलं लुगडं बदलून, जुनेरं नेसून, उरलेले पोहे कढईतूनच खात बसली होती. आत्या सांगायची, "मी तेव्हाच ओळखलं हा माणूस वेडा आहे. पण कढई बघून त्यांनी नाक मुरडलं नाही. समोर उकिडवे बसले आणि खरवड मागितली." मला ही गोष्ट इतकी आवडते की मी ती कुणालाही सांगते, गाडीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा.

पण आतोबांचं खरं वेड म्हणजे गोल फेरी. दिवाळी झाली, भातं कापून झाली, की त्यांच्या पायात वारं शिरायचं. आदल्या दिवशी मळवलीला ओळखीच्या शेतकऱ्याकडं मुक्काम. सकाळी भाज्याला जायचं, तिथून चढून लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या खिंडीत, खिंडीतून पलीकडं पवन मावळात उतरायचं, नदीच्या अंगानं रानातून चालत राहायचं, आणि दुधिवऱ्याची खिंड चढून परत आपल्या बाजूला. लोहगड सबंध वाटभर उजव्या हाताला. मी गेलेय ना त्यांच्याबरोबर. पायांचे तुकडे पडतात, पण काय तो मुलूख. कापलेल्या खाचरांना आंबेमोहोराचा वास, ओढ्यांना अजून पाणी, आणि प्रत्येक वळणावर आतोबा छत्री रोखून ओरडणार, "बघ, बघ, हे आता परत दिसायचं नाही." वाटेवरच्या गावांत त्यांना गोलबाबू म्हणत. माझ्या वडिलांना त्यांनी नेलं, पोस्टमास्तरांना नेलं, न्हाव्यालाही नेलं. एकटी आत्या कधी गेली नाही. "मी घरात दिवसभर गोलच फिरते," म्हणायची. आणि दरवर्षी फेरीहून आल्यावर पाय शेकत आतोबा मला म्हणायचे, "तुझी आत्या येत नाही तोवर ही फेरी पुरी झाली असं मी धरतच नाही बघ."

मग एका दिवाळीत आत्या एकदम हो म्हणाली. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. तिचे गुडघे धरायला लागले होते. पणत्या पुसता पुसता म्हणाली, "यंदा येते. पुढच्या वर्षी हे गुडघे काही मला विचारणार नाहीत." म्हणजे गेली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. आतोबांची जी धांदल उडाली ती विचारू नका. नवी टोपी आणली. मळवलीला निरोप, भाज्याला निरोप. आत्यासाठी काठी स्वतः तासली, ती इतकी तासली की शेवटी पोळ्या लाटायच्या कामाची उरली, मग दुसरी आणली.

निघालो. आत्यानं काष्टा घट्ट मारलेला, कमरेला दशम्यांचं गाठोडं. भाज्याच्या एका म्हातारीनं वाटेत अडवलंच. "व्हय गोलबाबू, यंदा वयनींना बी आणलं?"

"आणलं ना," आतोबा म्हणाले. छाती ही एवढी.

"वयनी, लय चालवत्यात हां हे. आमच्या म्हाताऱ्याला न्हेलतं एकदा. तवापासनं ह्यास्नी बघितलं की त्यो गोठ्यात लपतो."

आत्या हसत हसत चढली. खरंच सांगते, ती माझ्यापेक्षा बरी चढली. खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा की टोपी धरून बोलावं लागत होतं. पलीकडं पवन मावळ उन्हात पसरलेला. आतोबा नव्या नवरदेवासारखे सगळं दाखवत होते. आत्यानं तिथल्या झऱ्यावर पाय धुतले, पदर सारखा केला आणि सहज विचारलं, "या जागेला काय म्हणतात हो?"

"गायमुख," आतोबा म्हणाले. "गायमुखाची खिंड."

"आणि वर गडावर देऊळ कुणाचं?"

"महादेवाचं."

"आणि हा डोंगर आपण कुठल्या हाताला ठेवून चाललोय?"

"उजव्या. मी नेहमी उजवाच घालतो," आतोबा खूश होऊन म्हणाले. "ही प्रदक्षिणाच आहे म्हण ना."

"तेच म्हणतेय," आत्या म्हणाली. "महादेवाची प्रदक्षिणा. मग गायमुख ओलांडायचं नाही. इथवर यायचं, आणि आल्या वाटेनं परत."

आणि ती आलो त्या बाजूला तोंड करून एका दगडावर बसली.

मी आतोबांकडं बघितलं. तोंडाचा आ तसाच. मग जो वाद सुरू झाला, वाऱ्यात, टोप्या आणि पदर धरून. आतोबा म्हणाले, देवळातलं पिंडीचं पाणी बाहेर सोडणारं गोमुख निराळं, हे नुसतं खिंडीचं नाव. आत्या म्हणाली, नाव काय उगाच पडतं? आतोबा म्हणाले, मी दरवर्षी ही खिंड ओलांडतो. आत्या म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला बढती मिळाली नाही." शेवटी तिथं म्हशी चारणाऱ्या लोहगडवाडीच्या एका आबांना आतोबांनी पंच केलं. "आबा, तुम्हीच सांगा, हे गायमुख म्हणजे काही देवळातलं नव्हे ना?"

आबांनी आधी आतोबांकडं बघितलं, मग आत्याकडं नीट बघितलं. "आता हितं गुरं पानी पित्यात, येवडं मला ठावं. पर वयनी म्हणत्यात तर आसंल. आमी घरात ह्या इषयावर वाद घालीत न्हाई."

"कुठल्या विषयावर?"

"कुटल्याबी."

आतोबांनी छत्री उचलली. "ठीक आहे. तुम्ही दोघी उतरा. मी फेरी पुरी करून येतो." आत्या शांतपणे म्हणाली, "जा की. मी काही अडवत नाही." आणि ते खरंच गेले. पलीकडच्या उताराला लागले, वळणाआड दिसेनासे झाले. मला रडूच यायला लागलं. एवढ्या वर्षांची हौस त्या माणसाची, आणि काठी तासणं, आणि ती टोपी. आत्यानं गाठोडं सोडलं, दशमीवर लोणी घातलं, मला दिली, आबांना दिली. स्वतः मात्र घेतली नाही. वाऱ्यात पदराशी चाळा करत समोर बघत बसली, मान जराही न वळवता. म्हशी चरत होत्या.

थोड्या वेळानं मागून पावलं वाजली. आतोबा. गेले त्याच वाटेनं परत. मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"छत्री विसरली," ते म्हणाले.

छत्री हातात होती. आत्यानं ती बघितली, मी बघितली, आबांनीही बघितली. आत्यानं दोन दशम्या काढल्या, एक त्यांच्यापुढं धरली, एक स्वतः घेतली.

उतरताना आतोबा आधी चोरी केल्यासारखे खाली बघून चालत होते. मग एका वळणावर थबकले. "अगं, ही कातळात कोरलेली टाकी इथं कधीपासून आहे?" पुढं म्हणाले, "आणि हे एवढं थोरलं उंबराचं झाड?" पुढं विसापूरचा कडा बघून तर छत्रीच खाली पडली त्यांच्या हातातून.

"सगळं होतंच," आत्या म्हणाली. "तुम्ही पाठ करून जात होतात."

त्या दिवशी भाज्याला पोचायला संध्याकाळ झाली, कारण आतोबा दर चार पावलांवर थांबत होते, आणि आत्याचे गुडघेही बोलायला लागले होते. रात्री शेकताना ठरलं, की महादेवाची प्रदक्षिणा अशी अर्धवट सोडायची नसते, तेव्हा पुढच्या दिवाळीला उलट्या बाजूनं, दुधिवऱ्याकडून, गायमुखाच्या पलीकडच्या अंगापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. मग पुरी. घरी आल्यावर आतोबांनी आत्याची काठी माळ्यावर नीट बांधून ठेवली.

पुढच्या दिवाळीला गुडघ्यांनी खरंच विचारलं नाही. आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला आत्याच नव्हती.

यंदा मी गेले आतोबांबरोबर. पावलं आता लहान पडतात त्यांची, पण चढले. गायमुखाशी बसलो, दशम्या खाल्ल्या, मी केलेल्या, जरा कडक झाल्या होत्या. उठलो तशी मी सवयीनं पवन मावळाकडं वळले. आतोबा मागून म्हणाले, "तिकडं नाही, ठमे." मी म्हटलं, दुधिवऱ्याकडची बाजू राहिलीय ना, तिकडून तरी येऊया कधी. "ती दोघांची आहे," म्हणाले आणि उतरायला लागले. सबंध उतारभर दर वळणावर थांबून मागं बघत होते. मीही बघत होते. उंबर होता, टाकी होती, कडा होता.

घरी पोचलो. आतोबांनी पुढच्या दारात वहाणा काढल्या. मी वाट बघत उभी राहिले, आता हातात घेतील, आता पाठीमागं लपवतील. ते तसेच आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी जरा थांबले, कान दिल्यासारखे. मग परत आले, वहाणा उचलल्या, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि पुन्हा तिथंच, पुढच्या पायरीवर, जुळवून ठेवल्या.