शंभर खणांचं कपाट

राग वेळच्या वेळी काढला नाही ना, की त्याचे किस्से होतात. माझ्याकडे असे पोतंभर आहेत. इथे जर्मनीत, आखनमध्ये आम्ही मराठी मंडळी जमलो, जेवणं झाली, की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, तुझ्या चिनी दुकानातलं सांग की!" मी सांगते, ते हसतात, आणि मला पुन्हा पहिल्याइतकाच राग येतो. हसायला तुमचं काय जातंय!

आधी माणसं सांगते. मी मूळची सांगलीची, पुण्यात बी.फार्म. केलेलं. नवऱ्याची इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. चालू होती म्हणून आले. माझी डिग्री इथे चालेना. पुन्हा शिका म्हणाले. मी म्हटलं, शिकते माझं डोंबल! त्याच तिरीमिरीत रस्त्याने चालले होते, तर एका काचेवर चिठ्ठी दिसली. 'मदतनीस हवी. वनस्पतींची माहिती असल्यास उत्तम.' तशीच आत घुसले.

दुकान लिआनचं. तिशीच्या आतली, इथेच जन्मलेली, बिझनेस शिकलेली. आणि तिचे आजोबा, ऐंशीला टेकलेले. मी त्यांना सरळ 'आजोबा' म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली, म्हणजे चालेल. आमचं बोलणं मोडक्या जर्मनमध्ये आणि हातवाऱ्यांत.

त्यांच्या घराण्याचं चीनमध्ये औषधांचं दुकान होतं, चार पिढ्यांचं. ते सरकारने घेतलं, पुढे पाडलं. आजोबांचा मुलगा त्यांना घेऊन जर्मनीत आला आणि झाडपाल्याच्या नादी न लागता त्याने रेस्टॉरंट काढलं. तो थकला, तेव्हा नातीने त्याच जागेत घराण्याचं दुकान पुन्हा उभं केलं. जुन्यातल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक आजोबांचा दगडी शिक्का. दुसरा त्यांच्या डोक्यातला शंभर खणांचा क्रम. कपाट इथल्या सुताराने नवं करून दिलं, पण कुठल्या खणात काय, ते आजोबांनी भरलं. कागदावर एक अक्षर नाही.

आणि शिक्क्याची रीत अशी, की पुडी बांधली की बांधणाऱ्याने तिच्यावर तो मारायचा. म्हणजे 'चूक निघाली तर ती माझी' अशी त्याची कबुलीच. लिआनला तो शिक्का हवा होता. तिने मागितला की आजोबा दोनच शब्द बोलायचे, "अजून नाही!"

*

आमच्याकडे औषध विकायचा परवाना नव्हता. त्यामुळे 'औषध' हा शब्द दुकानात बंद, 'बरं होणं' बंद. सगळा माल म्हणजे 'चहा'. लिआनने मला यादीच दिली होती, काय काय बोलायचं नाही त्याची.

फ्राऊ होफमान म्हणून एक म्हाताऱ्या बाई यायच्या. "हा चहा गुडघ्यासाठी का?"

"सांगता येत नाही."

"पण गुण येतो ना?"

"सांगता येत नाही."

"मग तुम्हाला येतं तरी काय?"

चार वर्षं फार्मसी शिकलेल्या बाईला हे विचारतात! तळपायाची आग मस्तकाला गेली. मी नुसतं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं, मग पुडीकडे बघितलं, मग परत गुडघ्याकडे.

"आख सो, असं होय!" म्हणाल्या आणि तीन पुड्या घेऊन गेल्या.

घरी आले तर सांगलीहून सासूबाईंचा फोन. "अगं, एवढी शिकलीस आणि चिन्यांच्या दुकानात पुड्या बांधतेस?"

"अहो आई, पुड्याच बांधायला शिकले होते की!"

त्यांनी फोन आपटलाच. आठवड्याने त्यांचाच पुन्हा आला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "गुडघ्याला काही असतं का गं त्यांच्याकडे?"

*

लिआनने रेस्टॉरंटचा जुना फोन नंबर तसाच ठेवला होता. का, तर पैसे वाचतात! त्यामुळे दिवसातून चारदा कोणीतरी बदक मागायचं.

एकदा मी मागे मुळं निवडत होते आणि फोन आजोबांनी उचलला. "या, या," म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', आणि ठेवून दिला. वीस मिनिटांनी एक ढेरपोटा माणूस हजर, हेर क्र्यूगर, हेर म्हणजे इथले श्रीयुत. "माझं बदक?"

आजोबांनी त्याला खुर्चीत बसवलं. जीभ बाहेर काढायला लावली. मनगट धरलं. परवाना नसताना नाडी बघायची नाही हे त्यांना दहादा सांगितलेलं! लिआन पांढरीफटक पडली. मी दाराशी उभी, कोणी बघत नाही ना म्हणून.

पाच मिनिटांनी आजोबा म्हणाले, "दोन महिने बदक नाही."

"पण मी ऑर्डर दिलीय!"

"पोट बघ! दोन महिने नाही!"

आता वाटेल की तो भांडला असेल. कसला भांडतोय! दोन महिन्यांनी पट्टा दोन भोकं आत घेऊन आला आणि भीत भीत विचारतो, "आता खाऊ का?"

*

सार्सची साथ बातम्यांत आली तेव्हा तर दुकान ओस पडलं. एक बाई दारातूनच, नाकाला स्कार्फ लावून, विचारते, "तुमचे आजोबा इतक्यात चीनला जाऊन आले का?"

म्हटलं, "बारा वर्षांत स्टेशनपलीकडे गेले नाहीत! तुम्ही आलात कुठून?"

"सुट्टीला गेले होते. थायलंडला."

मी काही बोलणार, तोवर दार लावून पसार.

दोन आठवड्यांनी तीच बाई, स्कार्फबिर्फ काही नाही, थेट काउंटरपाशी. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. सार्सवर चालतात म्हणे, त्या सगळ्या वनस्पती द्या, दोन किलो! लिआनचा चेहरा उजळला. महिनाभरात एवढी विक्री झाली नव्हती.

आजोबांनी कात्रण घडी घालून परत केलं. "हा आजार मी पाहिलेला नाही. न पाहिलेल्या आजाराचं मी विकत नाही."

बाई गेली. लिआन चिनीत ओरडली, जर्मनमध्ये ओरडली, शेवटी रडली. "भाडं कुठून भरू मी? असं चालतं का दुकान?"

आजोबा म्हणाले, "असंच चालतं. चार पिढ्या."

खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही राग आला होता. दोघांचंही बरोबर होतं ना, म्हणून जास्त.

*

मग लिआनने दुकान 'आकर्षक' करायला घेतलं. पाण्याचं कारंजं आणलं, बासरीची सीडी लावली, आणि काउंटरवर ठेवली ती सोनेरी मांजर, नशीब आणते म्हणतात ती, बॅटरीवर हात हलवणारी.

आजोबा सकाळी आले, मांजरीसमोर उभे राहिले. मांजर हात हलवतेय, आजोबा बघतायत.

"ही जपानी आहे," म्हणाले.

"गिऱ्हाइकांना काय कळतंय!" लिआन म्हणाली.

"मला कळतंय."

लिआन ती हलवेना. त्या दिवसापासून आजोबा रोज सकाळी मांजरीचं तोंड भिंतीकडे फिरवायचे, लिआन दुपारी सरळ करायची. मी मध्ये बसून दालचिनी मोडत असायचे. दोघंही मलाच विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला वाटायचं, राजीनामा द्यावा!

*

आता ज्याची मला आजही लाज वाटते ते सांगते.

दुकानाच्या सरकारी तपासणीला एक बाई आल्या. बोलायला गोड, काम चोख. म्हणाल्या, प्रत्येक खणावर लेबल हवं, लॅटिन नावासकट. बस, एवढंच! लेबलं मीच छापली. लॅटिन म्हणजे माझा हातखंडा, भारी मिरवून घेतलं.

पण कचऱ्यालाही चार वेगळे डबे ठेवणारं लिआनचं जर्मन डोकं तेवढ्यावर थांबतंय का? "आल्झो, म्हणजे असं बघ, लेबलं आहेतच तर अल्फाबेटने लावू. कोणालाही सापडेल." लांब वीकएंड आला, तिने एकटीने शंभरच्या शंभर खण रिकामे करून नव्याने भरले.

लॅटिनमध्ये मुळाला राडिक्स म्हणतात आणि ते नावाच्या आधी येतं. चिनी औषधांत मुळं किती? निम्म्याहून जास्त! मंगळवारी येऊन बघते तर अर्धं कपाट R! राडिक्स, राडिक्स, राडिक्स, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. सारखी दिसणारी मुळं खेटून बसवलेली. आजोबांनी मुद्दाम जी लांब लांब ठेवली होती, तीच!

"गेनाऊ, अगदी बरोबर! आता कशी ओर्डनुंग आहे, शिस्त!" लिआन खूश.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आजोबा आले. मागोमाग फ्राऊ होफमान, खोकत खोकत. आजोबा खणांकडे कधी बघायचे नाहीत. गिऱ्हाइकाकडे बघत हात मागे घालायचे. ज्येष्ठमधासाठी हात घातला, चिमूट बाहेर आली आणि बोटं थांबली. वास घेतला. रेवंदचिनी! खोकल्याच्या बाईला जुलाबाचं मूळ!

त्यांनी दुसरा खण उघडला. तिसरा. मग मागे वळून ती सगळी लेबलं वाचली, माझी छापलेली, एकेक. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातला शिक्का चाचपला, टोपी घातली आणि घरी गेले.

"क्रम गेला तुझ्यामुळे! पाडलेल्या दुकानातलं तेवढंच उरलं होतं!" मी लिआनवर ओरडले.

"आणि लेबलं कोणी छापली?" ती माझ्यावर ओरडली.

फ्राऊ होफमान बिचाऱ्या खोकत उभ्या.

*

तीन दिवसांनी आजोबा परत आले, पण लिआनशी अबोला. सगळे निरोप माझ्यामार्फत. ती दोन हातांच्या अंतरावर उभी असायची आणि हे मला म्हणायचे, "तिला सांग, चूक."

लिआन रोज दुकान बंद करून खण परत लावायला बघायची. सकाळी आजोबा एक नजर टाकायचे. "तिला सांग, चूक."

"बरोबर काय ते विचार त्यांना!" लिआन मला.

"तिला सांग, तिला माहीत आहे."

शेवटी मी भडकले. "मी फार्मासिस्ट आहे, पोस्टमन नाही! एकाच खोलीत आहात ना दोघं? बोला की!" हे मी मराठीत बोलले. दोघांनीही माना हलवल्या आणि पुन्हा आपलं तेच!

असे तीन आठवडे गेले. एके दिवशी लिआन कोलंबी सोलत होती, आम्हा सगळ्यांच्या जेवणासाठी. सोलता सोलता काहीतरी गुणगुणायला लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, लहानपणी रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात आजोबा तिच्याकडून कोलंबी सोलून घ्यायचे आणि गाणी म्हणून घ्यायचे. नुसती यमकं. आपल्याकडे पाढे घोकतात तशी. एकेका गाण्यात एकेक काढा.

तशीच ओल्या हाताने उठली. एक गाणं म्हटलं, त्यातली सगळी औषधं एका हाताच्या टप्प्यात लावली. दुसरं गाणं, दुसरा कोपरा. मी मागे पिशव्या घेऊन धावतेय. कोलंबी तशीच राहिली, उपाशी राहिलो. संध्याकाळपर्यंत शंभर खण लागले.

सकाळी आजोबा आले. कपाटाकडे पाठ करून उभे राहिले. हात मागे घातला आणि चिमूट काढली. ज्येष्ठमध! पुन्हा घातला. बराच वेळ चालू होतं. मग मला म्हणाले, "तिला सांग, मला खोकला आहे. पुडी बांध म्हणावं."

खोकलाबिकला काही नव्हता. सकाळपासून एकदा खोकले नव्हते!

लिआनने तोललं. काटा पुसून पुन्हा तोललं. पुडी बांधून पुढे केली. आजोबांनी ती सोडली, सगळं कागदावर पसरलं, तुकडा न् तुकडा बघितला. एक काडी उचलून फेकली. पुन्हा बांधली.

"तिला सांग, तिनेच उकळायचं. आज मी हे पिणार. उद्या जिवंत असलो तर शिक्का तिचा."

"असलं काही मी सांगणार नाही!" मी म्हटलं. सांगायची गरजच नव्हती. लिआन समोरच उभी होती, रडत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साडेआठपासून दारात. मी नवऱ्यावर उगाच खेकसून आले होते. नऊला पाच कमी असताना कोपऱ्यावरून टोपी दिसली.

आजोबा आत आले. लिआनकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "तिला सांग, पाणी जास्त झालं होतं." खिशातून शिक्का काढला आणि काउंटरवर ठेवला. मांजर हात हलवतच होती. ती त्यांनी उचलली, काखेत मारली आणि दाराकडे निघाले. दारात थांबले. मांजरीच्या पोटाचं झाकण उघडलं, दोन्ही बॅटऱ्या काढून तळहातावर घेतल्या आणि मागे वळले.

"लिआन," म्हणाले, "ह्या कचऱ्याच्या कुठल्या डब्यात टाकायच्या?"